दिनकररावांची हलकी रायफल

दिनकरराव घोरपड्यांकडे गाडी होती, लायसन्स होतं, आणि तरीही जर्मनीतल्या येना शहरातल्या माझ्या नऊ वर्षांत मी त्यांना एकदाही स्टिअरिंगमागे बसलेलं पाहिलं नाही. कारण विचारलं की म्हणायचे, "अगं, चाक जरा खड्ड्यात गेलं की वाटतं, कुणाला लागलं. मग मागं फिरून बघून येतो. काही नसतं, पण बघितल्याशिवाय चैन पडत नाही." एकदा ते बायकोला, म्हणजे गुद्रूनला, वायमारला घेऊन निघाले आणि वीस-पंचवीस किलोमीटरच्या वाटेत चार वेळा मागे फिरले. गुद्रूनने त्या दिवशी गाडीची किल्ली स्वतःच्या पर्समध्ये टाकली. ती पुन्हा बाहेर आली नाही.

'एकदा बघून येतो' हे त्यांचं पालुपद होतं. लॅबमधून निघालो, कोट घातले, जिना उतरलो, की हे थांबायचे, खिसे चाचपायचे आणि म्हणायचे, "तू हो पुढं. एकदा बघून येतो." दिवा बंद केला होता का, खिडकी लावली होती का, यंत्राचा खटका खाली होता का. सगळं नेहमी नीटच असायचं. त्यांच्यापायी माझ्या किती ट्राम चुकल्या याचा हिशोब नाही, आणि खरं सांगायचं तर मी मनातल्या मनात खूपदा चिडले आहे.

आम्ही दोघं एकाच कंपनीत, एकाच खात्यात होतो. रायफलवर बसवायच्या दुर्बिणी तपासणं हे आमचं काम. गोळी सुटल्यावर बंदूक मागे धक्का देते, तसे हजारो धक्के आमचं यंत्र त्या दुर्बिणीला द्यायचं आणि आतली भिंगं केसभर तरी हलली का, ते आम्ही पाहायचो. या कामाला दिनकररावांसारखा माणूस शोधून सापडला नसता. त्याआधी भारतात ते एका सरकारी कारखान्यात होते. तिथून त्यांनी एक सवय सोबत आणली होती. काहीही घ्यायचं तर तीन कोटेशन्स आणि त्यांचं कंपॅरेटिव्ह स्टेटमेंट. साधी छत्री घ्यायची तरी तीन माणसांची मतं घ्यायचे, तक्ता करायचे, आणि तक्ता पुरा होईपर्यंत पावसाळी आठवडा सरून जायचा.

"घोरपडे आडनाव लावता आणि काळीज चिमणीचं," असं मी त्यांना चिडवायची. ते हसायचे. मटण मात्र इचलकरंजीच्या माणसाने खावं तसं खायचे, हाड चोखून, घाम पुसत. पण खाटकाच्या दुकानात गेले की काउंटरकडे पाठ करून उभे राहायचे. मटण कापून कागदात गुंडाळलं जाईस्तोवर रस्त्यावरची रहदारी बघत. असा हा माणूस वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी शिकारी झाला, आणि हे कसं घडलं ते मी जवळून पाहिलं, कारण गाडी माझी होती.

गुद्रूनचे वडील हेलमुट यांना घरात सगळे ओपा म्हणायचे, म्हणजे आजोबा. जाले नदीच्या वरच्या अंगाला, येनापासून अर्ध्या तासावर त्यांचं गाव. गावाभोवतीच्या उतारांवर त्यांनी उभा जन्म शिकार केली होती. म्हातारपणी डोळ्यांनी दगा दिला. समोर बघितलं की मधोमध काळोख आणि फक्त कडेकडेचं दिसणार. वाट पायांना पाठ होती, पण नेम धरणं संपलं होतं. एका रविवारी कॉफी-केकला मीही तिथे होते. ओपांनी काटा खाली ठेवला आणि म्हणाले, "दिनकार, वीस वर्षांत मी तुझ्याकडे काही मागितलं नाही. आता मागतो. तू यागटशाइन काढ. मला अजून एकदा रानात बसायचंय. मी नेईन, बंदूक तू धर."

यागटशाइन म्हणजे शिकारीचा परवाना. तो मिळवायला इथे महिनोन्‌महिने क्लास आणि कडक परीक्षा असते. सगळ्यांची अपेक्षा होती की ओपा योर्गला विचारतील. योर्ग त्यांचा पुतण्या, पंचक्रोशीतला एक नंबरचा नेमबाज, परवाना खिशात. गुद्रून न राहवून म्हणाली, "पापा, तुम्ही ओळखता ना याला!"

"गेनाऊ," ओपा म्हणाले आणि केकचा तुकडा तोंडात टाकला.

अगदी बरोबर, असं ते म्हणाले खरे, पण काय बरोबर ते आम्हाला कुणालाच कळलं नाही.

परतीच्या वाटेवर दिनकरराव गाडीत माझ्या शेजारी बसून खिडकीबाहेर बघत होते. शेवटी माझ्याकडे वळून म्हणाले, "नाही कसं म्हणू? म्हातारा पहिल्यांदा काहीतरी मागतोय. पण मला एक सांग, नेम चुकला तर चालेल गं. अर्धवट लागला तर? पायाला, पोटाला लागून जनावर झाडीत शिरलं आणि दोन दिवस तडफडत बसलं तर? ते कुठं बघून येणार मी?"

त्या दिवसापासून ही एकच भीती त्यांच्या मानगुटीवर बसली. हिवाळाभर ते क्लासला गेले. झाडं, पक्षी, कायदे, जनावरांचे रोग असं सगळं पाठ केलं. लेखी परीक्षेत जवळजवळ पैकीच्या पैकी. नेमबाजीत क्लबच्या जाडजूड, जड रायफलवर कसेबसे पास. आणि मग खरा प्रश्न उभा राहिला. स्वतःची रायफल कोणती घ्यायची?

लॅबमधल्या त्यांच्या टेबलावर एक तक्ता वाढू लागला. अकरा रायफली, सात कॅलिबर. रायफल बोल्टची हवी, हे ठरलेलं. प्रत्येक गोळीनंतर हाताने दांडा मागे-पुढे ओढायचा, साधं आणि भरवशाचं. एकच घ्यायची, तेव्हा छोट्या हरणापासून रानडुकरापर्यंत सगळ्याला चालेल अशी. आणि हलकी हवी, कारण ओपांचे उतार उभे आणि दिनकररावांची कंबर जुनी. इथवर सगळं सरळ होतं. गाडं अडलं ते कॅलिबरवर, म्हणजे गोळी किती जाड आणि काडतूस किती जोरकस यावर.

रिवाजाप्रमाणे तीन कोटेशन्स मागवली गेली, भावाची नव्हे, मतांची. योर्ग म्हणाला, "मॅग्नम घे. ज्याला लागेल ते जागेवर आडवं." ओपा म्हणाले, "मला दिसत नाही, मला विचारू नकोस." मग एक जागा रिकामी राहिली म्हणून दिनकररावांनी आमच्या खात्यातल्या जुन्या फोरमनला गाठलं. तो म्हणाला, थ्री-नॉट-एट घ्या, जग तेच वापरतं. तिसरं मत त्यांनी मला विचारलं.

"अहो, मला बंदुकीतलं ओ की ठो कळत नाही."

"म्हणूनच तर. निःपक्षपाती."

"मग हलक्यात हलकी घ्या," मी म्हटलं. "कंबर तुमची धरते आणि गाडीत कण्हणं मला ऐकावं लागतं."

दोन आठवड्यांनी तक्त्याचा निकाल लागला. वजनाच्या रकान्यात सर्वांत हलकी, जोराच्या रकान्यात सर्वांत दणकट. अडीच किलोची रायफल आणि तिच्यात मॅग्नम काडतूस. रोज यंत्रावर धक्के मोजणाऱ्या माणसाला हे दोन आकडे एकत्र आले की काय होईल ते कळायला हवं होतं. पण त्यांना आकडे दिसतच नव्हते. त्यांना झाडीत तडफडणारं जनावर दिसत होतं. "मोठं काडतूस असलं की अर्धवट लागण्याची शक्यता कमी," असं ते आठवड्यातून चारदा म्हणायचे. मला वाटतं, स्वतःलाच.

बंदुकांसाठी पूर्वापार नावाजलेलं गाव म्हणजे झूल. एका शनिवारी आम्ही तिथे फ्राउ लेन्त्स यांच्याकडे गेलो. साठीची, ठेंगणी, ॲप्रन घातलेली बाई. बापाच्या हाताखाली बंदुका घडवायला शिकलेली, नखांत तेल मुरलेलं. दिनकररावांनी तक्ता उलगडला. बाईंनी चष्मा लावून तो वरपासून खालपर्यंत वाचला.

"हेर घोरपडे, इतका सुंदर तक्ता मी आजवर पाहिला नाही," त्या म्हणाल्या. (हेर म्हणजे आपलं श्रीयुत.) "एक रकाना तेवढा राहिलाय. चालवणाऱ्याचा."

विकत घ्यायच्या आधी चालवून बघा म्हणून त्यांनी तशीच एक रायफल काढली आणि आम्हाला गावाबाहेरच्या नेमबाजीच्या मैदानावर नेलं. मी कानांवर मफ चढवून मागे बाकावर बसले. पहिल्या गोळीला दिनकरराव खुर्चीसकट मागे सरकले. दुसरीला त्यांनी दात आवळलेले मला दिसले. तिसरीला रायफल उसळून आली आणि दुर्बिणीची कडा त्यांच्या उजव्या भुवईवर बसली. अर्धचंद्राकार जखम, रक्त गालावर. डोळा आणि दुर्बीण यांत किती अंतर हवं हे आमच्या खात्यात ठरवणारे तेच. रुमाल दाबून धरत म्हणाले, "नऊ सेंटिमीटर. मी स्वतः मोजलंय." मला हसू आलं, आणि रुमाल लाल होताना पाहून ते विरूनही गेलं.

फ्राउ लेन्त्स यांनी पट्टी लावली. दुसरी रायफल आणली, फार तर अर्ध्या किलोने जड. काडतूस बरंच सौम्य, साडेसहा मिलिमीटरचं, स्वीडनकडचं जुनं कॅलिबर. तरी गोळ्या कागदभर विखुरल्या. पुढचं मॅगझिन, म्हणजे काडतुसांची पेटी, बाईंनी स्वतः भरलं, दिनकररावांकडे पाठ करून, आणि हातात दिलं.

पहिली गोळी सुटली. दुसऱ्या वेळी दिनकररावांनी चाप ओढला आणि नुसतं 'टक्' झालं. बाईंनी मधे एक पोकळ काडतूस घातलं होतं. धक्का नाही, आवाज नाही. आणि तरीही रायफलीची नळी वीतभर खाली गेली, खांदा आक्रसला, डोळे गच्च मिटले. हे सगळं आम्हा तिघांना स्पष्ट दिसलं. सर्वांत जास्त त्यांना स्वतःला.

कुणी हसलं नाही. त्यांनी रायफल खाली ठेवली. मग मराठीत, माझ्याकडे न बघता म्हणाले, "एनसीसीचा कॅम्प होता. एकोणीस वर्षांचा होतो. थ्री-नॉट-थ्रीनं खांदा काळानिळा केला. उस्ताद ओरडला, घोरपडे, बाईसारखा दचकतोस काय? दुसऱ्या दिवशी परत चालवायला लावली. चौतीस वर्षं झाली बघ. खांदा अजून वाटच बघतोय."

मी ते बाईंना जर्मनमध्ये सांगितलं. त्यांनी मान हलवली. "ज्या काडतुसाची भीती वाटत नाही तेच तुमचं कॅलिबर," त्या म्हणाल्या. "रानडुकराला काडतुसाचं नाव कळत नाही, हेर घोरपडे. गोळी कुठे बसली तेवढंच कळतं. आणि ती कुठे बसणार ते तुमचा खांदा ठरवतो. आल्झो, तर मग पुढच्या शनिवारी या."

त्या उन्हाळ्यात आम्ही झूलच्या वाऱ्या केल्या. सात खऱ्या गोळ्या, पंधरा पोकळ काडतुसं, आणि कुठलं कुठलं ते त्यांना माहीत नसायचं. जुलैत नळी बोटभर हलायची. ऑगस्टच्या शेवटी एका शनिवारी 'टक्' झालं आणि नळी जागची हलली नाही. फ्राउ लेन्त्स म्हणाल्या, "जा. आता विकते." साडेसहाची, दुर्बिणीसकट साडेतीन किलोंच्या आसपास. ती ठेवायच्या लोखंडी कपाटाची किल्ली दिनकरराव दोऱ्यात ओवून गळ्यात घालू लागले आणि दिवसातून दहा वेळा चाचपू लागले. तेवढं काही बदललं नाही.

ऑक्टोबर उजाडला. रेबोक, म्हणजे आपल्या भेकराएवढ्या हरणाचा नर, त्याचा हंगाम संपायला चार दिवस राहिले होते. ओपांची तब्येत उतरत चालली होती. पुढच्या हंगामाबद्दल कुणी बोलत नव्हतं. अशा एका दुपारी मी दोघांना घेऊन गेले. रानाच्या कडेला लाकडी मचाण होतं, चार बाजूंनी बंद, तिघं दाटीवाटीने बसतील एवढं. ओपा मधे. दिनकररावांच्या कपाळावर त्या थंडीतही घाम होता.

दिवस कलला तसा कुरणात एक रेबोक उतरला, ओपांच्या भाषेत नुसता बोक. ओपांनी कुजबुजत विचारलं, "काय दिसतंय?" दिनकरराव तितक्याच हळू सांगू लागले. एकटा आहे, शिंगं आखूड आहेत, डावा कान फाटलाय, आता खातोय, आता मान वर केली. ओपा डोळे मिटून ऐकत होते. "आडवा उभा आहे?" "हो." "मागे काय आहे?" "मातीचा चढ. कुणी नाही." ओपांनी त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि काढून घेतला.

खांदा दचकला नाही, हे मी शपथेवर सांगते. आवाज झाला. बोक एकदा उंच उसळला आणि तीन उड्यांत काटेरी झुडपांत नाहीसा झाला.

दिनकरराव अर्धवट उठले. "लागली," ते म्हणाले. "कुठं लागली? ओपा, कुठं लागली?"

थोड्या वेळाने उतरून पाहिलं. रक्ताचा थेंब नाही, केस नाही. शेजारच्या मचाणावरून योर्ग आला, बॅटरी घेऊन गवत बघितलं आणि पाठीवर थाप मारून म्हणाला, "चुकली रे. पहिल्यांदा सगळ्यांची चुकते. चल, थंडी पडलीय, बिअर घेऊ." आणि तो गेला.

"एकदा बघून येतो," दिनकरराव झुडपांकडे निघाले.

"आत्ता नाही," ओपांनी काठी आडवी धरली. "जखमी असेल तर तुझ्या पावलांनी अजून लांब पळेल. पहाटे. कुत्रा घेऊन."

ज्या माणसाला बंद दिवा परत बघितल्याशिवाय ट्राममध्ये चढता येत नाही, त्याला उजाडेपर्यंत थांबायचं होतं. त्यांनी फांदीला रुमाल बांधला, पावलं मोजली, बोक कुठल्या दिशेने गेला ते वहीत काढलं. गुद्रूनने सांगितलं, घरी आल्यावर ते बूटसुद्धा न काढता स्वयंपाकघरात बसून राहिले.

सकाळी मी परत गेले तेव्हा माग काढणारी कुत्री आणि तिचा मालक आले होते. ओपा गुद्रूनचा हात धरून उभे होते. योर्गही आला होता, खांदे उडवत. कुत्रीने रुमालाखालचं गवत हुंगलं, पट्टा ताणला आणि सरळ काटेरी झुडपांत शिरली. आम्ही बाहेर उभे. दिनकरराव गळ्यातली किल्ली मुठीत धरून होते. किती वेळ गेला सांगता येत नाही. मग आतून हाक आली, "इथे आहे!"

दीडशे पावलांवर, काट्यांच्या आत बोक पडला होता. मालकाने हात लावून बघितलं. गोळी बरोबर खांद्यामागून, फुप्फुसातून गेलेली. रक्त आतच साचलेलं, म्हणून बाहेर खूण नाही. "मिनिटभरही नसेल," तो म्हणाला. "पळतापळताच गेला."

"लगेच?" दिनकररावांनी विचारलं.

"लगेच."

"नक्की लगेच?"

"नक्की."

त्यांनी तिसऱ्यांदा विचारलं आणि त्या भल्या माणसाने तिसऱ्यांदा तेवढ्याच शांतपणे सांगितलं. मग दिनकरराव ओल्या गवतात खाली बसले आणि लहान मुलासारखे रडले. मलाही आवरलं नाही.

इथली रीत आहे. मेलेल्या जनावराच्या तोंडात हिरवी डहाळी ठेवतात, शेवटचा घास म्हणून. दुसरी डहाळी शिकाऱ्याला देतात. ओपांनी चाचपडत ओकची फांदी शोधली, दोन डहाळ्या मोडल्या, एक बोकाच्या तोंडात ठेवायला दिली आणि दुसरी टोपीवर ठेवून जावयापुढे धरली.

"योर्गचा नेम तुझ्यापेक्षा चांगला आहे," ते सगळ्यांसमोर म्हणाले. "माझ्यापेक्षाही होता. पण योर्ग काल घरी गेला. गोळी मारणारे गावात पुष्कळ आहेत, दिनकार. मला परत जाऊन बघणारा हवा होता. आणि तो मी वीस वर्षं माझ्याच घरात बघत होतो, दाराची कडी तीनतीनदा बघताना."

योर्गने टोपी काढली. गुद्रून नवऱ्याकडे अशी बघत होती, जणू तिला कुणी नव्याने ओळख करून दिली आहे.

ओपा फेब्रुवारीत गेले. गावच्या दफनभूमीत शिकाऱ्यांनी शिंगं फुंकली, आणि एकेकाने खड्ड्यात हिरवी डहाळी टाकली. दिनकररावांनीही टाकली. भुवईवरचा अर्धचंद्र थंडीने लाल झाला होता. मग सगळे कॉफीसाठी गावातल्या हॉटेलकडे निघाले. आम्ही फाटकापर्यंत आलो असू. दिनकरराव थांबले आणि त्यांनी खिसे चाचपले.

"तुम्ही व्हा पुढं," ते म्हणाले. "एकदा बघून येतो."

आम्ही कुणीच पुढे गेलो नाही. गुद्रूनने त्यांची टोपी हातात धरली, मी तिच्या शेजारी उभी राहिले, आणि ते बर्फातून एकटे मागे चालत गेले. खड्ड्याच्या कडेला उभे राहून, वाकून, त्यांनी बराच वेळ आत बघितलं.